चिंच, द्राक्षे आणि कुत्र्याचे मूत्रपिंड

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयीचा आपलाच अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना मूळ जागी सोडावे, रेबीज झालेल्या वा आक्रमक कुत्र्यांना सोडू नये, आणि रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ न घालता प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा नेमावी, असे त्याचे सार होते. त्यावर देशभर वाद झाला. चाव्यांचा, रेबीजचा, भूतदयेचा, नगरपालिकांच्या कुवतीचा. तो व्हायलाच हवा होता. मात्र नेमलेल्या त्या जागी वाढायचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या वाचनात फारसा आला नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री आहेत. त्यांचे अन्न म्हणजे मुख्यतः आपले उरलेले अन्न. चेन्नईत तो सांबारभात असतो, लखनौत रस्सा आणि रोटी, कोलकात्यात माशाच्या काट्यांसह भात, आणि सगळीकडे चहाच्या टपरीवरची ग्लुकोज बिस्किटे. ‘आपण खातो ते कुत्र्याला चालते’ हा या व्यवहारामागचा न बोललेला सिद्धांत आहे. सिद्धांत म्हणून तो अगदीच निराधार नाही, म्हणून आधी त्याची बाजू मांडतो.

२०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एरिक ॲक्सेल्सन आणि सहकाऱ्यांनी १२ लांडगे आणि ६० कुत्रे यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय अन्न पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात ज्या जनुकामुळे बनते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्य पडू लागले, आणि ते पचवू शकणारा प्राणी त्या उकिरड्यापाशी तगला. कुत्रा हा शब्दशः आपल्या उष्ट्यावर घडलेला प्राणी आहे. परंतु हे जुळवून घेणे पिष्टापुरते आणि स्निग्धापुरते होते. आपल्या ताटात जे शेकडो इतर रेणू असतात, त्या प्रत्येकाशी कुत्र्याच्या यकृताने आणि मूत्रपिंडाने तह केला आहे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

कुत्र्याला काय देऊ नये याची यादी आज अनेक पशुवैद्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेली असते. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, झायलिटॉल असलेले च्युइंगगम. ती वाचताना वाटते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे असावे. तसे नाही. द्राक्षे त्या यादीत आली ती या शतकात. ती विषारी का, याचे पटण्याजोगे उत्तर मिळाले ते २०२१ साली. आणि त्याच उत्तराने ज्या फळाला यादीत आणून बसवले ते फळ, म्हणजे चिंच, अजून पुष्कळ याद्यांत दिसत नाही. या लेखाचा विषय ते उत्तर आणि त्याला लागलेला वेळ हा आहे.

प्रारंभ एका दूरध्वनी केंद्रापासून करावा लागतो. १९७८ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जनावरांच्या विषबाधेविषयी सल्ला देणारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. पुढे ती तेथील प्राणिदया संस्थेकडे गेली. मालक किंवा पशुवैद्य फोन करीत, जनावराने काय खाल्ले, किती खाल्ले, लक्षणे कोणती हे सांगत, आणि पलीकडचा तज्ज्ञ उपचार सुचवताना ते सगळे नोंदवून ठेवी. नोंदी संगणकावर गेल्या तेव्हा त्यांत एक विचित्र आकृती दिसू लागली. काही कुत्री उलट्या करीत, मलूल होत, एक-दोन दिवसांत त्यांची लघवी कमी होत जाऊन बंद पडे आणि मूत्रपिंडे निकामी होत. त्यांच्यात समान धागा एकच होता. त्यांनी द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ले होते.

द्राक्ष हे तोवर निरुपद्रवीपणाचे प्रतीक होते. आजाऱ्याला भेटायला जाताना नेण्याचे फळ. अनेक लोक कुत्र्याला शिकवताना बक्षीस म्हणून बेदाणाच देत. त्यामुळे २००१ साली या केंद्रातील पशुवैद्यांनी अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकाला पत्र लिहून दहा कुत्र्यांची हकीकत मांडली, तेव्हा पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची असणे स्वाभाविक होते. २००५ मध्ये अधिक तपशिलाचा अभ्यास आला. १९९२ ते २००२ या काळातील ४३ कुत्री, सर्वांना द्राक्षे वा बेदाणे खाल्ल्यावर मूत्रपिंडाचा तीव्र विकार. त्यांपैकी २३ जगली. म्हणजे जवळजवळ निम्मी दगावली.

कारण मात्र सापडेना. संशय प्रथम फवारणीवर गेला. द्राक्षाइतकी औषधे मारून घेणारे पीक विरळाच. पण घरच्या अंगणातील, कधीही न फवारलेली द्राक्षे खाऊनही कुत्री आजारी पडली होती. मग जड धातू, बुरशीचे विष, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, टॅनिन, शर्करा असे एकेक संशयित उभे केले गेले आणि सुटले. सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की मात्रा आणि परिणाम यांचा मेळच बसत नव्हता. एखादे कुत्रे घडच्या घड खाऊन शेपटी हलवीत फिरे, दुसरे मूठभर बेदाण्यांनी मरे. प्रयोगशाळेत असे विदा समोर आले की आम्ही भौतिकशास्त्रज्ञ बहुधा उपकरणाला दोष देतो. पशुवैद्यांपुढे उपकरण नव्हते. होते ते मालकांचे ओशाळलेले कथन. ‘किती खाल्ले?’ या प्रश्नाचे खरे उत्तर बऱ्याचदा मालकालाही ठाऊक नसते.

आता थोडे मागे जातो, कारण ज्या रेणूवर पुढे आरोप सिद्ध झाला तो अनोळखी नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात त्याच्याइतका वावरलेला दुसरा सेंद्रिय रेणू शोधावा लागेल. मद्याच्या पिंपांच्या आतल्या बाजूस जो खडा साचतो तो टार्टर. त्यापासून १७६९ साली स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीलेने टार्टारिक आम्ल वेगळे काढले. १८४८ साली २५ वर्षांच्या लुई पाश्चरने या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चिमट्याने दोन ढिगांत निवडले. एकमेकांची आरशातील प्रतिमा असावी तसे ते स्फटिक होते, आणि त्यांची द्रावणे ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवीत. वृद्ध भौतिकशास्त्रज्ञ बियो यांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी पाश्चरला बोलावून आपल्या डोळ्यांदेखत प्रयोग पुन्हा करायला लावला. रेणूंनाही डावा-उजवा असतो, हे जगाला प्रथम कळले ते द्राक्षाच्या आम्लामुळे. पुढे याच पाश्चरने रेबीजवर लस शोधली आणि कुत्र्याच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे गोवले गेले. त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या प्रकरणातील आम्ल आणि शेवटच्या प्रकरणातील प्राणी यांचे एकमेकांशी वैर आहे, हे कळण्याचे त्याला काही कारण नव्हते.

माझा स्वतःचा या आम्लाशी परिचय त्याच्या दुसऱ्या एका क्षारामुळे झाला. फ्रान्समधील ला रोशेल येथील सेन्येत या औषधविक्रेत्या घराण्याने सतराव्या शतकात तो बनवला, म्हणून त्याचे नाव रोशेल क्षार. तो सौम्य रेचक म्हणून विकला जाई. १९२० साली मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलासेक यांना या क्षाराच्या स्फटिकात असे आढळले, की लोखंड जसे चुंबकत्व टिकवून धरते तसा हा स्फटिक विद्युतध्रुवण टिकवून धरतो. फेरोइलेक्ट्रिसिटीचा जन्म तो. उणे १८ ते २४ अंश सेल्सियस या तापमानांतच हा गुण दिसतो, त्यामुळे मे महिन्यात वातानुकूलन बंद पडले की स्फटिकाबरोबर संशोधकाचाही संयम वितळतो. १९५१ मध्ये बायफूट यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने एखाद्या रेणूची डावी-उजवी रचना प्रथम निर्विवाद ठरवली, तेव्हाही नमुना टार्टरेटचाच होता. डॉक्टरेटच्या काळात या रेणूविषयी मी जितके वाचले तितके क्वचित दुसऱ्या कशाविषयी वाचले असेल. तो कुत्र्याला मारतो, हे त्यांपैकी कोठेही नव्हते.

आणि तरीही ते लिहिलेले होते. १९४५ साली क्रॉप आणि गोल्ड या दोन अमेरिकी औषधशास्त्रज्ञांनी सायट्रिक आणि टार्टारिक ही दोन आम्ले दीर्घकाळ दिली असता काय होते, याचा अभ्यास कुत्र्यांवर केला. चार कुत्र्यांना शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज ९९० मिलिग्रॅम टार्टारिक आम्ल ९० ते ११४ दिवस दिले. तिघांच्या लघवीत मूत्रपिंडातील नलिकांच्या आकाराचे साचे सापडू लागले, जे नलिकांना इजा झाल्याचे चिन्ह होय. एकाच्या रक्तात नत्रयुक्त टाकाऊ द्रव्ये साठली आणि नव्वदाव्या दिवशी ते मेले. ज्यांना सायट्रिक आम्ल दिले, तेही अधिक मात्रेत, त्यांच्या मूत्रपिंडांना इजा दिसली नाही. त्याआधी १९३१ मध्येच ससा, कुत्रा, उंदीर आणि गिनीपिग यांच्या शरीरांत टार्टरेट वेगवेगळे वागते, यावर एक स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता.

हे निष्कर्ष हरवले नव्हते. खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालात ते व्यवस्थित नमूद आहेत. पण त्या अहवालाचा प्रश्न निराळा होता. माणसाला रोज किती टार्टारिक आम्ल चालेल, हे ठरवायचे होते. तेथे कुत्रा हा माणसाचा बदली खेळाडू होता. तो मेला याची दखल माणसासाठी मर्यादा ठरवण्यापुरती घेतली गेली. खुद्द कुत्र्याला या आम्लापासून जपायला हवे का, हा प्रश्न विचारणे त्या समितीचे कामच नव्हते. आणि कुत्र्यांवर उपचार करणारे पशुवैद्य खाद्यद्रव्यांच्या विषशास्त्राचे जुने अहवाल कशाला चाळतील?

असे एकदाच घडले असते तर मी त्याला योगायोग म्हटले असते. झायलिटॉल या बिनसाखरेच्या गोडीची कथा अशीच आहे. ती कुत्र्याच्या शिरेत टोचली असता रक्तात इन्सुलिनचा लोंढा येतो, हे जपानी संशोधकांनी १९६६ साली छापले होते. त्यांना रस होता मधुमेहात. च्युइंगगम खाऊन कुत्र्यांची रक्तशर्करा कोसळते आणि काहींची यकृते निकामी होतात, हे पशुवैद्यकीय नियतकालिकांत ठळकपणे आले ते २००४ ते २००६ च्या सुमारास, आणि तेही त्याच दूरध्वनी केंद्राकडून. चाळीस वर्षे एकच सत्य दोन कपाटांत राहिले, आणि मधली भिंत पाडण्याची कोणाला गरज वाटली नाही.

द्राक्षांच्या बाबतीत ती भिंत पाडली मुलांच्या खेळण्याने. मैदा, मीठ, पाणी आणि क्रीम ऑफ टार्टर यांची शिजवलेली कणीक पाश्चात्त्य घरांत मुलांना खेळायला करून देतात. एका कुत्र्याने ती मोठ्या प्रमाणात खाल्ली, त्याला जोराच्या उलट्या झाल्या आणि मूत्रपिंडे निकामी झाली. अशा कणकेमुळे अपेक्षित असते ती मिठाची विषबाधा. हे चित्र तसे नव्हते. ते हुबेहूब द्राक्षांचे चित्र होते. केंद्रातील कोलेट वेगेनास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की कणकेत असे काय आहे जे द्राक्षातही आहे? क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचा पोटॅशियम क्षार, मद्याच्या पिंपातील तोच खडा शुद्ध केलेला. २०२१ मध्ये त्यांचे छोटे पत्र प्रसिद्ध झाले आणि वीस वर्षांचे कोडे एका परिच्छेदात सुटण्याच्या वाटेला लागले. मात्रेचा मेळ का बसत नव्हता, हेही उलगडले. द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे प्रमाण वाण, पक्वता आणि हवामान यांनुसार बरेच बदलते. ‘किती द्राक्षे खाल्ली’ हे मोजून विषाची मात्रा कळणारच नव्हती.

पुढच्या वर्षी याच गटाचा सविस्तर लेख आला. त्यात क्रीम ऑफ टार्टर खाल्लेली सहा कुत्री होती आणि दोन कुत्री अशी होती, की ज्यांनी चिंच खाल्ली होती. मूत्रपिंडांतील सूक्ष्म बदल द्राक्षांच्या विषबाधेशी मिळतेजुळते निघाले.

माझ्या मते या शोधमालिकेतील सर्वांत सुंदर प्रयोग २०२३ चा आहे. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी या संशोधकांनी एका निरोगी कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवल्या. ती कुत्री कधीच गेली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. फ्लूच्या काही लशींसाठी विषाणू वाढवण्यासही त्या वापरतात. संशोधकांनी या पेशींवर आणि माणसाच्या मूत्रपिंडातील पेशींवर टार्टारिक आम्ल घातले. कुत्रीच्या पेशी मेल्या, माणसाच्या तगल्या. मूत्रपिंडाच्या नलिकेतील पेशींच्या एका बाजूला सेंद्रिय आयन रक्तातून आत ओढणारी वाहक प्रथिने असतात, दुसऱ्या बाजूला ते मूत्रात सोडणारी. आत येण्याची वाट प्रोबेनेसिड या जुन्या औषधाने रोखताच कुत्रीच्या पेशी वाचल्या. प्रोबेनेसिड हे शरीरातून पेनिसिलिन लवकर निघून जाऊ नये म्हणून एके काळी दिले जाई, आणि गाठियाच्या एका प्रकारासाठी अजूनही दिले जाते. दुसऱ्या प्रयोगात कुत्रीच्या पेशींत माणसाचे एक बाहेर सोडणारे वाहक प्रथिन बसवले, तेव्हाही त्या वाचल्या. म्हणजे आम्ल दोघांच्याही पेशींत शिरू पाहते. कुत्र्याच्या पेशीत आत येण्याचे दार उघडे असते आणि मागचे दार जवळजवळ नसतेच. एवढ्या एका दाराच्या फरकाने आपण सार पितो आणि कुत्रे दगावते. शिवाय माणसाच्या आतड्यातील जिवाणू या आम्लाचा पुष्कळ भाग रक्तात जाण्यापूर्वीच मोडून टाकतात, हा आपला आणखी एक कठडा.

हे सगळे वाचत असताना मी जेथे थबकलो तो शब्द होता चिंच. अरबी व्यापाऱ्यांनी तिला ‘तमर-हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले आणि त्यावरून इंग्रजी नाव पडले. झाड मूळचे आफ्रिकेतले, पण इतक्या प्राचीन काळापासून आपल्याकडे रुजलेले की नाव आपलेच झाले. द्राक्षात टार्टारिक आम्ल वजनाच्या अर्धा-एक टक्क्याच्या आसपास असते. चिंचेच्या गरात ते साधारण ८ ते १८ टक्के असते. ज्या आम्लाने द्राक्ष बदनाम झाले, त्याचा खरा सम्राट आपल्या स्वयंपाकघरातील डब्यात बसला आहे.

सवयीप्रमाणे मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. नोंदलेल्या रुग्णांत कुत्र्याच्या प्रत्येक किलो वजनामागे सर्वांत कमी घातक ठरलेली मात्रा द्राक्षांची सुमारे २० ग्रॅम आणि बेदाण्यांची २.८ ग्रॅम होती. द्राक्ष वाळून चौथाई होते, म्हणजे आम्लाची टक्केवारी चौपट होते असे धरले, तर दोन्हींवरून टार्टारिक आम्लाचा आकडा किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आगेमागे येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो याचे समाधान क्षणभरच टिकले. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला हे आम्ल मिळायला दहा टक्के आम्लाची दहा ग्रॅम चिंच पुरे; मोठ्या सुपारीएवढा गोळा. चौघांच्या सांबारात लिंबाएवढी, समजा ३० ग्रॅम, चिंच पडली, तर एका माणसाच्या वाट्यात सुमारे पाऊण ग्रॅम आम्ल असते. तेवढे सांबार भातावर ओतून दहा किलोच्या कुत्र्यापुढे ठेवले तर किलोमागे ७५ मिलिग्रॅम. मला वाटले होते की उत्तर शंभरपट कमी निघेल आणि मी निर्धास्त होईन. तसे झाले नाही.

या हिशेबाला विरोध करणारा पुरावाही येथेच मांडला पाहिजे. १९४५ च्या कुत्र्यांनी याच्या दसपट मात्रा तीन महिने रोज पचवली आणि चौघांतले एकच मेले. म्हणजे कुत्र्याकुत्र्यांत फार मोठा फरक असावा, किंवा माझा शंभराचा आकडा अति हळव्या कुत्र्यांचा असावा. शिवाय दक्षिणेत रोज असंख्य कुत्री सांबारभात, पुळियोदरै, पुलिहोरा यांचे उरलेसुरले खातात आणि रस्त्यावर धावतात. यावरून एक तर शिजवलेल्या, भातात मिसळलेल्या चिंचेचा त्रास कमी असेल, किंवा त्रास होत असेल आणि आपल्याला दिसत नसेल. पहिली शक्यता खरी असावी, अशी माझी इच्छा आहे. इच्छा हे मोजमाप नव्हे.

दिसत नसेल, असे म्हणण्याला कारण आहे. द्राक्षांचे कोडे सुटायला कोणकोणत्या गोष्टी एकत्र याव्या लागल्या ते पाहा. कुत्र्याने काय खाल्ले हे पाहणारे कोणी घरात होते. त्याला दवाखान्यात नेणारे, रक्तातील क्रिएटिनिन मोजायला पैसे देणारे कोणी होते. पशुवैद्याने फोन करावा असे एक ठिकाण होते, आणि त्या ठिकाणी वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या जात होत्या. मेलेल्या कुत्र्याचे मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा विकृतिशास्त्रज्ञही होता. यांतला एकही दुवा आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला येत नाही. ते उलट्या करते, दोन दिवस गाडीखाली पडून राहते, आणि एका सकाळी नगरपालिकेची गाडी त्याला उचलते. ‘काहीतरी खाल्ले असेल’ हा त्याचा शवविच्छेदन अहवाल. चिंच ज्या देशाच्या नावाने ओळखली जाते, त्या देशातून हा धागा सुरू झाला नाही, यात त्यामुळे मला नवल वाटत नाही. खंत मात्र वाटते.

कांद्याचे उदाहरण याहून सरळ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांना रक्तक्षय होतो, हे विल्यम सेब्रेल या अमेरिकी सरकारी डॉक्टरने १९३० साली प्रसिद्ध केले. कांद्यातील गंधकयुक्त संयुगे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन बिघडवतात, पेशींच्या कडेला गोळे दिसू लागतात आणि त्या फुटतात. शिजवल्याने हे संयुग निष्प्रभ होत नाही. गंमत अशी, की काही जपानी कुत्र्यांच्या तांबड्या पेशी आनुवंशिकतेने वेगळ्या असतात आणि त्यांना कांदा अधिक बाधतो, असे जपानी संशोधकांना आढळले. अमेरिकी कुत्र्यांवर काढलेला आकडा जपानी कुत्र्याला जसाच्या तसा लागू पडला नाही. मग आपल्या गावठी कुत्र्यांचे काय? त्यांच्या मूत्रपिंडातील ते मागचे दार कॉकर स्पॅनियलसारखेच बंद आहे, की चिंचेच्या देशात पिढ्यान्‌पिढ्या उष्टे खाऊन अमायलेजप्रमाणे तेथेही काही बदल झाला आहे? प्रश्न कल्पनारम्य वाटेल. पण निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेत रक्ताचा नमुना घेता येतो, आणि त्यातील जनुकही वाचता येतात. एखाद्या पशुवैद्यक महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला पुरेल एवढे हे काम आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक तपशील. द्राक्षे, बेदाणे, मनुका किंवा चिंचेचा गोळा खाल्ल्यानंतर उलट्या बहुधा पहिल्या दिवसातच होतात, पण रक्तातील क्रिएटिनिन चढायला एक ते तीन दिवस लागू शकतात. मधल्या काळात कुत्रे बरे झाल्यासारखे दिसते. म्हणून खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. पहिल्या काही तासांत ते औषधाने ओकारी काढू शकतात आणि नंतर सलाइन लावून मूत्रपिंडे धुऊन काढू शकतात. घरी मीठ पाजून ओकारी काढू नये. मिठाची विषबाधा ही निराळी आपत्ती आहे. काय खाल्ले, अंदाजे किती आणि केव्हा, हे कागदावर लिहून न्यावे. चिंचेच्या गोळ्या असतील तर वेष्टनही न्यावे. त्यावर आम्लता नियंत्रक म्हणून ३३४ हा क्रमांक असेल, तर ते टार्टारिक आम्लच होय.

आमच्या संस्थेच्या खानावळीमागे चार कुत्री असतात. तेथील आचारी तामिळनाडूचे आहेत आणि उरलेला सांबारभात ते बारा वर्षे याच कुत्र्यांना घालत आले आहेत. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘मग साधा भात आणि दही चालेल ना?’ चालेल, म्हणालो. थोड्या वेळाने ते म्हणाले, की तीन वर्षांपूर्वी पोंगलच्या दुसऱ्या दिवशी एक पांढरी कुत्री अशीच उलट्या करून गेली होती. त्या दिवशी सक्कराई पोंगल बरेच उरले होते, आणि त्यात बेदाणे होते. किती होते, ते मात्र त्यांना आठवत नाही.